कॅमेऱ्याबाहेरचा स्टॉपर

त्याचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की तुम्ही लगेच मोबाईल काढणार, नाव टाकणार, आणि मोबाईलवर त्याचा एकच व्हिडिओ आहे. काही सेकंदांचा. खाली गाढवाच्या ओरडण्याचा आवाज लावलेला. आयुष्यभर फुटबॉल खेळलेला माणूस, कोलकात्यात खेळला, गोव्यात खेळला, आणि जगाला त्याच्याबद्दल एवढंच माहीत. म्हणून नाव राहू दे. आम्ही त्याला दादा म्हणायचो, तुम्हीपण दादाच म्हणा.

मी त्याच्या शेजारी खेळलोय. नवी मुंबईच्या क्लबात तो स्टॉपर, म्हणजे आपल्या गोलसमोर मधोमध उभा राहून समोरच्याला अडवणारा, आणि त्याच्या उजव्या हाताला मी राइट बॅक. आमचे आप्पा साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात माथाडी. पोरगं चेंडूमागं पळतंय हे त्यांना काही पटलं नाही, आणि माझ्या घोट्यालाही फार दिवस पटलं नाही. घोटा गेला, फुटबॉल संपला, मी वाशीत लग्नाचे व्हिडिओ शूट आणि एडिट करायचं दुकान टाकलं. तेव्हा सांगणारा कोण, तर फुटबॉल थोडा आणि कॅमेरा बराच कळणारा माणूस. तोंड मात्र दोन्हीकडचं चालतं.

दादा खाडीकाठच्या गावातला, आगरी. त्याच्या वडलांच्या लहानपणी मिठागरं होती, दादाच्या लहानपणी तिथं रस्ते आणि बिल्डिंगी आल्या, मधे एक मैदान उरलं. त्या मैदानाला एका बाजूच्या गोलामागं जाळीबिळी काही नव्हतं. थेट खाडीचा चिखल. बॉल आत गेला की गुडघाभर रुतत जाऊन आणायचा, आणि गावाचा कायदा असा की ज्याच्या बाजूनं गेला त्यानं आणायचा. दादाला चिखलाची भारी किळस. मासे खाणारा, होडीत बसणारा माणूस, पण पायाच्या बोटांत चिखल गेला की अंगावर काटा यायचा. मग त्यानं ठरवलं की बॉल तिकडं जाऊच द्यायचा नाही. "मी काय स्टॉपर व्हनार म्हनून झालो नाय रे," तो सांगायचा, "मना पाय धुवायचा कंटाला." लोक मुलाखतीत देशासाठी खेळायचं स्वप्न वगैरे सांगतात. हा हे सांगायचा, आणि तेही गंभीर तोंड करून.

विचित्र माणूस होता हो. म्हणजे आहे. असा भूतकाळात का बोलायला लागलो मी, ठणठणीत आहे तो.

त्याला माणसांचे चेहरे लक्षात राहायचे नाहीत. एका लग्नात आमचे कोच समोर येऊन उभे राहिले तर हा हात जोडून म्हणतो, "नमस्कार, मुलीकडचे काय?" कोच बिचारे हसत पुढं गेले. चार पावलं चालले असतील, तर हा मागून ओरडला, "सर! तुमी हाय काय!" चालीवरून ओळखलं. माणूस तो मागून ओळखायचा, खांद्यावरून, टाचेवरून. समोरच्या टीमचे कितीतरी फॉरवर्ड, म्हणजे गोल मारायला येणारे, त्याला तोंडानं माहीतच नव्हते. "तो डावा खांदा पाडनारा" किंवा "तो पायाचा अंगठा आत वलवतो तो" अशी त्याची नावं.

माझ्या दुकानासमोर कट्टा आहे. तिथं कटिंग घेऊन बसला की त्याचा खेळ सुरू. रस्त्यावरून कोण चाललंय ते बघायचं आणि सांगायचं, "ही बाई आता वलनार." आणि बाई वळायची. "तो चश्मेवाला थांबनार." चश्मेवाला थांबायचा, खिसे चाचपायचा. मला आधी वाटलं फेकतोय. पण एकदा तो माझ्या बाईकवर मागं बसला होता, मी मोकळ्या रस्त्यात ऐटीत चाललेलो, आणि यानं एकदम खांदा दाबला, "डावीकडची रिक्षा येतेय आत." रिक्षावाल्यानं इंडिकेटर नाही, हात नाही, काही नाही, आणि घुसला की आत. मी ब्रेक मारला. नंतर विचारलं, तुला कसं कळलं? तर म्हणे, "त्याचा कान बगितला नाय काय तू?" आता रिक्षावाल्याचा कान बघून गाडी चालवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मैदानाबाहेर तो फार बोलायचा नाही. मैदानात मात्र नव्वद मिनिटं तोंडाचा पट्टा. "मागं मानूस! डावीकडं! सरक! अजून सरक! तिथं नको, इथं! झोपलास काय रे!" माझं नाव तर तो इतक्यांदा घ्यायचा की माझ्या आईनंही कधी घेतलं नसेल. मॅचनंतर दोन दिवस त्याचा आवाज बसलेला. घरी खुणा करायचा. वहिनी, म्हणजे दादाची बायको, रबाळ्याच्या एका कंपनीत पॅकिंगवर सुपरवायझर, बोलायला एकदम खणखणीत. त्या म्हणायच्या, "माझ्या नशिबाला हे मुके आले. सगला बोलना त्या पोरांवर सांडून येतात."

आणि समोरच्या फॉरवर्डशी तर तो गप्पाच मारायचा. शिव्या नाहीत, धमक्या नाहीत. बॉल लांब असला की हळूच जवळ जाऊन, "खाना खाया? घर में सब ठीक? मम्मी कैसी है?" एक परदेशी फॉरवर्ड आला होता एका टीमकडून, दांडगा, दारातून आत येताना वाकायला लागेल असा. आम्ही सगळे टरकलेले. दादानं पहिल्या पाच मिनिटांतच त्याच्या आईची चौकशी सुरू केली. तो आधी चिडला, रेफरीकडे गेला, म्हणाला हा मला आईबद्दल विचारतोय. रेफरीनं दादाला बोलावलं. दादा म्हणाला, "तब्येत विचारली सर." रेफरी काय करणार? हाफटाइमनंतर तो दांडगा स्वतःच सांगायला लागला. आई आजारी होती त्याची, तिकडे लांब, आणि घरी जायला सुट्टी मिळत नव्हती. गोल त्यानं काही केला नाही. मॅच संपल्यावर दादा त्याला धरून घरी घेऊन गेला, वहिनींनी तांदळाची भाकरी आणि बोंबील केले, आणि तो एवढा मोठा माणूस जमिनीवर मांडी घालून जेवला आणि जेवता जेवता रडला. नंतर मी दादाला विचारलं, खरं सांग, ही तुझी ट्रिक की माया? दादानं बराच विचार केला. "आदी ट्रिक व्हती," म्हणाला. "पन मग त्यानं खरंच सांगितला ना. मग काय करनार?"

अशा माणसाचं करिअर कसं झालं ते सांगायचं तर सरळ रेषेत काही सांगता येत नाही. गावच्या टूर्नामेंटमधून त्याला रबाळ्याच्या एका कारखान्यानं उचललं. तेव्हा कारखान्याची टीम असायची. कागदावर हेल्पर, कामाला फुटबॉल. तिथून कोलकात्याला गेला. कोलकात्याबद्दल विचारलं की सांगायचा, "मासे चांगले, पन राईचा तेल." मैदान भरून माणसं, पोलिसांचे घोडे, हरल्यावर बसवर दगड, ते सगळं मला इतरांकडून कळलं. गोव्यात दुपारचं झोपायला शिकला. मग एका क्लबचा मालक कंटाळला, एका क्लबची जागा गेली, असं करत करत तिशी ओलांडल्यावर परत नवी मुंबईत आला. इतक्या गावी राहिला पण ट्रॉफीचा, पदकाचा फोटो म्हणून घरात एक नाही. घरात फोटो आहे तो वहिनींच्या बहिणीच्या लग्नाचा, आणि त्यात दादानं फोटोग्राफरला बाजूला करून सगळे पाहुणे स्वतः एका ओळीत लावलेत. सासूबाईंना म्हणाला होता, "आई, तुमी जरा पुढं आलायत, मागं या."

मॅच झाली की आम्ही आपापल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगायचो. मी असा पळालो, मी तसा मारला. दादा सॉक्स काढत बसायचा आणि चेहरा फुललेला. "आज मना काय कामच नव्हता," असं म्हणायचा. मला पहिल्यांदा वाटलं बढाई मारतोय. मग कळलं की त्याच्या लेखी तोच मोठा दिवस. आपण आधीच नीट जागेवर उभे असलो तर समोरचा पासच देत नाही, आणि पास दिला नाही तर घडतच नाही काही, हे त्याचं साधं शास्त्र. मला ते तेव्हा डोक्यात शिरत नव्हतं. मी बॉलमागं पळायचो आणि माझी मोकळी सोडलेली जागा दादा गुपचूप भरायचा. माझं सोडा. मी काय सांगत होतो, तर तो व्हिडिओ.

नवी मुंबईच्या मैदानावर सीझनची शेवटची मॅच. बरोबरी झाली असती तर क्लब वरच्या गटात टिकला असता, दादाचं पुढच्या वर्षाचं कॉन्ट्रॅक्टही. मी तेव्हा खेळत नव्हतो, स्टँडमधे बसलेलो. अगदी शेवटी, बरोबरी असतानाच, आपल्याला कॉर्नर मिळाला. दादा उंच, म्हणून कोचनं त्याला हेडर मारायला पार समोरच्यांच्या गोलपाशी पाठवलं. बॉल सुटला, त्यांचा एक पोरगा घेऊन पळाला, आपल्या गोलसमोर क्रॉस टाकला, आणि कुठून तरी दादाचा पाय आडवा आला आणि बॉल आपल्याच जाळीत. सेमसाइड. शिट्टी. खेळ खल्लास.

क्लब खाली गेला. दुसऱ्या दिवशी ते गाढवाचं संगीत लावून कोणीतरी व्हिडिओ सोडला, आणि मग विचारू नका. रिक्षावाला आरशात बघून म्हणायचा, "तुम्ही ते सेमसाइडवाले ना?" गावातली पोरं, ज्यांना यानं बूट दिले होते, ती गाढवासारखी ओरडायची. वहिनींच्या कंपनीत कँटीनमधे लोक फोनवर लावायचे, वहिनी डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जायच्या. त्यांनी तो बघितला नव्हता. बघायचाच नाही म्हणून ठरवलं होतं. महिनाभरात क्लबनं दादाला सांगितलं, नवीन पोरं घेतोय, थँक्यू. दादा घरी बसला. बसला म्हणजे खरंच बसला, ओट्यावर, रस्त्याकडे पाठ करून. ज्याला येणाजाणाऱ्याचे खांदे बघितल्याशिवाय चहा गोड लागायचा नाही, तो भिंतीकडे तोंड करून चहा प्यायचा. मला फार वाईट वाटलं ते बघून. राग पण आला, कुणाचा ते कळेना.

मग एक दिवस एजंटचा फोन. तिकडे ईशान्येकडच्या डोंगरातल्या एका क्लबला अनुभवी स्टॉपर पाहिजे, कोचनं दादाचं नाव ऐकलंय, पण हल्ली कोणी ऐकीव नावावर घेत नाही. व्हिडिओ पाठवा, म्हणे. तीन-चार मिनिटांचा. चांगला चांगला खेळ कापून. शुक्रवारपर्यंत.

दादा माझ्याकडे आला. दारात उभा राहून चपला काढायला लागला, मी म्हटलं अरे दुकान आहे, देऊळ नाही, ये आत. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मना अजून एक वरीस खेलायचा हाय. एकच. असा घरी नाय बसायचा, त्या गाढवावर." हे बोलताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. दादाला काही मागायची सवयच नव्हती.

म्हटलं, टेन्शन नको घेऊस. अरे, मी लोकांच्या लग्नात नवरदेवाला हीरो करतो, तू तर खरा खेळाडू आहेस. क्लबकडून सगळ्या मॅचेसचं फुटेज आणलं, दोन दिवस दुपारी दुकान बंद ठेवलं, आणि बसलो शोधायला.

आणि कप्पाळ माझं! दादा कुठंच नाही.

म्हणजे बघा, कॅमेरा कुठं असतो? बॉलवर. बॉल जिकडं, कॅमेरा तिकडं. आणि दादाचं सगळं काम बॉल येण्याच्या आधीचं. तो जिथं उभा तिथं बॉल यायचाच नाही. मॅचमागून मॅच मी पळवतोय, दादा कधी कोपऱ्यात अर्धा, कधी नुसता हात, बोट दाखवणारा, बाकी काही नाही. आणि दादा माझ्या शेजारी बसून खूश! "थांब थांब. हे बग. हे मस्त हाय."

"काय मस्त आहे? तू कुठायस?"

"मी हितं." आणि त्यानं स्क्रीनच्या बाहेर, मागच्या भिंतीवर बोट ठेवलं. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्या कॅलेंडरवर. "मी हितं हाय. आता ह्या पोराला बग. पास द्यायला मान वर केली. मना बगितला. परत फिरला. दिला काय पास? नाय दिला."

"दादा, कोचला मी कॅलेंडर पाठवू का?"

तो हसला, पण त्याला कळलं. इतक्या वर्षांचा खेळ आणि सगळा भिंतीवर. काही हेडर मिळाले, एक-दोन क्लिअरन्स, म्हणजे गोलसमोरून लांब उडवलेले बॉल, ते स्लो मोशन केले, खाली ढोलताशाचं संगीत टाकलं, दादाच्या नावाची सोनेरी अक्षरं फिरवली. दादानं बघितलं आणि म्हणाला, "हे काय, हलदीचा कार्यक्रम हाय काय माझा?" मी चिडलो. मी म्हटलं, मग तूच सांग काय पाठवू. तर तो शांतपणे म्हणाला, "तो पाठव."

"कुठला तो?"

"गाढवाचा."

मला खरंच वाटलं याचं डोकं फिरलंय. "अरे येडा झालास काय? लग्नाच्या पत्रिकेत कोणी पहिल्या बायकोचा फोटो छापतं का?" खूप बोललो मी. तो नुसता गुडघा चोळत बसला.

तेवढ्यात वहिनी आल्या. फर्स्ट शिफ्ट संपवून, कंपनीच्या ड्रेसवरच, हातात डबा. आमची तोंडं बघून त्यांनी ओळखलं काय चाललंय ते. डबा टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "भावोजी, मना तो दाखवा."

"वहिनी, राहू दे ना."

"सगल्या दुनियेनं बगितला. मीच काय पाप केला?"

दादा उठून दारापाशी गेला, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मी लावला. आवाज बंद केला आधी. दादाचा पाय, बॉल, जाळी. संपला. वहिनी परत लावा म्हणाल्या. परत लावला. मग विचारलं, "ह्याच्या आदी काय झाला?"

"म्हणजे?"

"हा तर शेवट हाय. आदी काय झाला ते दाखवा ना."

माझ्याकडे आख्खी मॅच होती. मी मागं नेली, कॉर्नरपासून लावली. आता इथंही कॅमेरा बॉलवरच होता, पण त्यांचा पोरगा लांबून, आख्खं मैदान कापत पळत होता, म्हणून कॅमेऱ्याला मागं जाऊन सगळं मैदान दाखवावं लागलं. आणि पहिल्यांदा आख्खा दादा दिसला. समोरच्यांच्या गोलपाशी उभा होता, सगळ्यात लांब. बॉल सुटल्या सुटल्या वळला आणि पळत सुटला. पस्तीस वर्षांचा माणूस, मॅचच्या शेवटी, उजवा पाय फेकत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाकीचे आपले? एक कमरेवर हात ठेवून उभा. एक चालतोय. एकानं हात वर केलाय, ऑफसाइड मागतोय. दोघं-तिघं नुसते बघतायत. मी त्या दिवशी स्टँडमधे होतो, माझे डोळे पण बॉलवरच होते, मला हे दिसलंच नव्हतं. क्रॉस आला, मागं त्यांचा फॉरवर्ड एकटा, मोकळा, नुसता पाय लावायचा बाकी. आणि बॉल आणि त्या फॉरवर्डच्या मधे दादा पोचला. एकटा तोच पोचला.

वहिनींनी स्क्रीनवर बोट टेकवलं. हळू आवाजात म्हणाल्या, "बाकीचे कुठं हायत?"

मी चित्र तिथंच थांबवलं.

दारातून दादा म्हणाला, "दमली व्हती गो पोरं. लहान हायत."

"आनि तुमी काय ताजे व्हतात?" वहिनींचा आवाज चढला. मग त्या रडायला लागल्या. इतक्या दिवसांचं सगळं, कँटीनचं, रिक्षावाल्यांचं, ओट्यावर पाठ करून बसलेल्या नवऱ्याचं. दादाला काय करावं ते कळेना. तो आला आणि डबा उघडून त्यांच्यासमोर ठेवला, जणू त्या जेवल्या नाहीत म्हणून रडतायत.

"सोडला असतास तर?" मी विचारलं. "तू तिथं पोचलाच नसतास तर?"

"तर गोल त्याच्या नावावर लागला असता," दादा म्हणाला. "माझ्या नावावर नसता. बाकी काय? गोल तर व्हताच."

"आणि कोणी हसलं नसतं तुला."

"हां. ते हाय." एवढंच म्हणाला.

मग मी काही कापलं नाही. ढोलताशा काढला, सोनेरी अक्षरं काढली. कॉर्नरपासून जाळीपर्यंत जसंच्या तसं, आवाजासकट, आपल्या प्रेक्षकांच्या शिव्यांसकट पाठवून दिलं. एजंटचा लगेच फोन आला, माझ्या नावानं ओरडला, हे काय पाठवलंत, हाच तर लपवायचा होता. मी म्हटलं, मैं एडिटर हूँ, मुझे मत सिखाओ. फोन ठेवला आणि मग मीच घाबरलो. बरोबर केलं की त्याचं उरलंसुरलं पण घालवलं, काही कळेना. वहिनी म्हणाल्या, "व्हयल ते व्हयल. खोटा तर नाय ना पाठवला."

चार-पाच दिवस काही नाही. मग सकाळी दादा कट्ट्यावर माझ्याबरोबर बसलेला असताना त्याचा फोन वाजला. कोच स्वतः. दादानं स्पीकरवर टाकला, कारण त्याला एकट्याला ऐकायची भीती वाटत होती, हे मला त्याच्या हातावरून कळलं.

कोच म्हणाले, "उस क्रॉस पे, पीछे आदमी था, आपको मालूम था?"

"हाँ सर."

"मुड़ के देखा?"

"नहीं सर. सुना."

फोन कट झाला की काय म्हणून मी वाकून बघितलं.

"घुटना कैसा है?"

"एक अच्छा है सर."

पलीकडून हसू आलं. "एक सीज़न. गरम कपड़े ले के आना."

दादा ताडकन उठून उभा राहिला. फोन हातात, कोणाला सांगावं म्हणून इकडंतिकडं बघायला लागला. मग मला म्हणाला, "हितं रबाल्याला आता फोन लागेल काय? तिची शिफ्ट हाय." मी म्हटलं, बस बाईकवर, आपण जाऊ. कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीनं वहिनींना बाहेर बोलावलं. डोक्याला पॅकिंगची टोपी. दादाचा चेहरा बघितला आणि त्या तिथंच, गेटवर, सगळ्यांसमोर, "खंडोबा पावला रे माझा!" म्हणून ओरडल्या. सिक्युरिटीवाला पण हसला.

दादा गेला. पुढचे महिने मी दुकानात मोबाईलवर मॅच लावायचो. वहिनींचा फोन शिफ्टमधे लॉकरमधे असायचा, त्यांना बघता यायचं नाही. चहाच्या सुट्टीत बाहेर येऊन मला फोन करायच्या. एकच प्रश्न.

"दिसले काय?"

"नाही वहिनी. कुठंच नाही."

"मग बरा," म्हणायच्या आणि परत कामाला जायच्या. मीपण त्या डोंगरातल्या मैदानावर, धुक्यात, बॉल जिथं नाही तिथं बघायला शिकलो. कधी एखादा हात दिसायचा. कधी तोही नाही. समोरचा पोरगा मान वर करायचा, बघायचा, परत फिरायचा, आणि मी दुकानात एकटाच टाळी मारायचो. गिऱ्हाईकं विचारायची, काय झालं? मी सांगायचो, काही नाही.

क्लब हळूहळू वर चढत गेला, मधेच दादाला कॅप्टनही केलं. सीझनच्या शेवटच्या मॅचला त्यांना जिंकायचं होतं आणि जिंकत होते. उत्तरार्धात खेळ थांबला. कॅमेरा बॉलवरून हलला आणि दादावर आला. आख्खा दादा, समोरून. मी दचकलोच. बोर्डवर त्याचा नंबर वर धरलेला, म्हणजे आता त्याच्या जागी दुसरा येणार. त्यानं दंडावरची कॅप्टनची पट्टी काढली, जवळच्या पोराच्या दंडाला स्वतः बांधली, त्याला दोन हातांनी धरून जरा डावीकडे सरकवला, आणि बाहेर यायला लागला. कॅमेरा त्याच्याबरोबर चालत होता. सगळं मैदान उभं होतं. समोरच्या टीमची पोरं पण टाळ्या वाजवत होती. तो मधेमधे थांबत होता.

फोन वाजला. चहाची सुट्टी झाली होती.

"दिसले काय?"

"दिसले, वहिनी."

मागं कंपनीच्या मशिनींचा आवाज येत होता.

"किती वेळ?"

"बराच वेळ. अजून दाखवतायत."

"चालतायत कसे?"

"हळू. उजवा पाय ओढतायत."

मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि त्या म्हणाल्या, "येऊ दे आता घरी."